मोळीखालची जागा

तिसगावच्या स्टँडसमोर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघताना मी त्याला रोज बघायचो, नाव मात्र कधी विचारलं नाही. हातातलं काम संपलं की तो दारातल्या एका लोखंडी प्रकारापाशी जाऊन बसायचा. ट्रकच्या स्प्रिंगचे दोन जुने पाटे वाकून वर गेलेले, माथ्यावर झिजलेल्या कोयत्यांचा जुडगा आडवा जोडलेला, आणि खाली नुसती पोकळी. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय रं?" तो फक्त हसायचा आणि जुडग्यावरचा गंज बोटानं पुसायचा.

एकदा एसटी चुकली, तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीनं सल्ला दिला. "मधे एक पाइप उभा करा, वजन पेलेल."

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "सर, आमी कोपरगावकडं ऊसतोडीला जायचो. मी तोडायचो, बायको मोळी बांधून डोक्यावर घ्यायची. दोघांचा मिळून एक कोयता धरत्यात. ती वारली, तर मुकादम म्हनला, तू आता अर्धा कोयता. तवापासनं फडात गेलो न्हाई."

त्यानं पोकळीत हात धरला, स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर.

"एवढी हुती. पाइप नगं तिथं."

पुढची एसटी आली. खिडकीतून पाहिलं, तो त्या पोकळीखालची जमीन झाडत होता. बाकी दुकानभर लोखंडाचा कीस तसाच पडला होता.