टेपवरची हाक

"तुला अभिनय करायची गरजच नाही गं. तुझ्या रक्तातच आहे ते."

हे सर म्हणाले. सर म्हणजे मालिकेचे दिग्दर्शक. अंधेरीला पूर्वेकडे एक मोठा गाळा भाड्याने घेऊन त्यात त्यांनी गाव उभं केलं होतं. प्लायवूडचं. पुढून रंगवलेलं, मागून उघडंबोडकं. आनंदपूर त्याचं नाव. तालुक्याचं गाव. एका मोठ्या घराचं दार, दोन पायऱ्या, एक पार, एक किराणा दुकान आणि सगळी माणसं विनोदी. मी त्या दाराच्या पायरीखाली पदर पसरून उभी होते. जमिनीवर खडूने फुली मारली होती. तिच्यापुढे सरकायचं नव्हतं. सर ते वाक्य म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून सहन होत नाही.

मी मरोळला औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायचे. आमच्या कारखान्याचं नाटक कामगारांच्या स्पर्धेत उतरायचं, त्यात मी तीन वर्षं काम केलं. एका वर्षी वकिलीण झाले होते. काळा कोट घालून दोन पानांचं भाषण एका दमात म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. ते बघून कुणीतरी मला सरांकडे पाठवलं. सरांनी नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव कुठलं. हे तीन प्रश्न आम्हाला याच क्रमाने येतात. मी वकिलीणीचं भाषण सुरू केलं, तर त्यांनी हात वर केला.

"ते राहू दे. तुमच्या गावाकडचं काहीतरी करून दाखव. अस्सल."

आणि मी ती हाक दिली.

ती हाक आईची. गावात महारवाड्यातल्या बायका दिवेलागणीला घरोघर जायच्या. पायरीखाली उभं राहायचं, पदर पसरायचा, हाक द्यायची. 'वाढा वो माय.' वाढा लांबवायचं, माय खाली सोडायचं. मग भाकरी पदरात पडायची. देणाऱ्या हाताला पदरसुद्धा लागू नये इतक्या वरून पडायची. पुढे आमच्या लोकांनी धर्म बदलला आणि ही भाकरी सोडली. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. आईची हाक त्या दिवशी बंद झाली.

घाटकोपरला डोंगरावरच्या खोलीत तिने ती मला एकदाच ऐकवली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कालची भाकरी खाणार नाही म्हणून मी ताट ढकललं होतं. आई उठली. उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली, पदर पसरला आणि हाक दिली. तो आवाज माझ्या आईचा नव्हता. आत येऊन ती म्हणाली, "आयकलीस? आता इसर. माझ्यासंगं जाऊ दे ही."

मी विसरले नाही. वीस वर्षं जपून ठेवली आणि नेऊन सरांच्या पुढ्यात टाकली. का, तर टीव्हीवर दिसायचं होतं. या बाबतीत मी दुसऱ्या कुणाला दोष देणार नाही.

"झकास," सर म्हणाले. "दर भागात येशील. एवढीच एक हाक. लोकांच्या तोंडी बसेल बघ."

मालिकेतला हशा आधीच तयार होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. साउंडवाले गावडे म्हणून होते, कमी बोलणारे. त्यांच्याकडे टेपांचे डबे होते, त्यांवर चिठ्ठ्या. लहान हशा. मोठा हशा. टाळ्यांसह हशा. तालमीतसुद्धा ते टेप वाजवायचे, म्हणजे नटांना किती थांबायचं ते समजावं. कुठल्या तरी दुसऱ्याच कार्यक्रमाला जमलेली, कधीतरी, कशावर तरी हसलेली माणसं. ती आता माझ्यावर हसत होती. माझ्या हाकेपुढे वहीत लिहिलं होतं, मोठा हशा.

एकदा गावड्यांनी मला एका कोपऱ्यात नेलं. तिथे भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. नुसती हाक द्यायला लावली, पाच-सहा वेळा. मी विचारलं, "हे कशाला?"

"स्पेअर," ते म्हणाले. मान वर केली नाही.

नव्या डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. 'हाक, बाई.' मला वाटलं, किती नीट काम करतात हे लोक. भीती वाटायला हवी होती ती तेव्हा.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी सगळी गल्ली शेजारच्या मामींच्या खोलीत. टीव्ही त्यांच्याकडेच होता. आईला पुढे बसवलं होतं. तिने घडीची साडी नेसली होती. काय काम आहे ते मी तिला सांगितलं नव्हतं. बघशीलच, एवढंच म्हणाले होते.

मी पडद्यावर आले. पोरांनी माझं नाव घेऊन गिल्ला केला. मग हाक आली. मग मोठा हशा. आणि टीव्ही हसला म्हणून खोली हसली. कुठे हसायचं ते टीव्हीच सांगत होता. मी आईकडे बघितलं. तिने मांडीवरचा पदर दोन्ही हातांनी गोळा केला आणि मुठीत आवळून धरला. मग ती उठली आणि माणसांमधून वाट काढत बाहेर गेली.

घरी येऊन ती पाठ करून निजली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी मी कामावर निघायच्या आधी जेवायला बसले. आईने तव्यावरची भाकरी उचलली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि वाकली नाही. तिने भाकरी वरून सोडली. ताटात पडली, पडून एक कड बाहेर गेली. मी वर बघितलं. ती चुलीकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

कारखान्यात सुपरवायझर मला बघून 'वाढा वो माय' म्हणू लागला. मी पुढच्या भागांचं शूटिंग करत राहिले. अर्धा दिवस रजा, मग अंधेरी. मरोळच्या नाक्यावर दोन कॉलेजच्या मुली मला ओळखून खिदळल्या आणि खरं सांगते, त्या दिवशी मला बरंच वाटलं. आपण माहीत आहोत लोकांना. एवढी मी बिघडले होते.

मग एका रविवारी आमच्याच गल्लीत पोरी खेळत होत्या. सहा-सात वर्षांच्या. एक मामींच्या पायरीवर उभी. एक खाली, फ्रॉकचा घेर पसरून. खालची हाक देत होती, अगदी माझ्यासारखी. माय खाली सोडत होती. वरची तिच्या फ्रॉकमध्ये खडे टाकत होती आणि बाकीच्या हसत होत्या. खालची पोर कंटाळली की दुसरी खाली यायची, पाळीपाळीने. खेळाचं नाव आनंदपूर.

आमच्या पोरी. ज्यांच्या आयांनी ही हाक कधी दिली नाही, ज्यांच्या आज्यांनी ती गावातच पुरली. शाळेत त्यांना कुणी या हाकेने चिडवलं की त्यांना कळणारही नव्हतं की का चिडवतात. तोंडी बसेल, सर म्हणाले होते. बसली होती.

आई दारात उभी राहून बघत होती. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली.

"गाव सोडून हितं आले मी. तू गाव हितं आनलंस."

पुढच्या आठवड्यात सातव्या भागाचं शूटिंग होतं. मोठ्या घरात लग्न, गावाला जेवण, आणि मला भाकरी. आतापर्यंत नुसती हाक होती, भाकरी कधी पडली नव्हती. आता पडणार होती. त्या घरच्या वहिनींची भूमिका करणाऱ्या ताई पायरीवर हातात भाकरी घेऊन उभ्या होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या त्या, एकदा मला डोकेदुखीची गोळी दिली होती. त्यांनी सरांना विचारलं, "हाताला हात लागला तर चालेल ना?"

सर म्हणाले, "नको. लागला तर गंमत जाईल."

गंमत. मला तेव्हा आमच्या खोलीतला तवा दिसला. न वाकलेली आई दिसली. ती मला शिक्षा देत नव्हती. ती मला दाखवत होती, हे असं पडायचं. रोज दाखवत होती आणि मी रोज ते खाऊन शूटिंगला येत होते.

"रेडी," सर म्हणाले. "हाक."

मी गप्प राहिले.

गावड्यांना माझी खूण सवयीने पाठ होती. हाक किती वेळ चालते ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. त्यांनी बटण दाबलं. मोठा हशा सुरू झाला. मी काहीच बोलले नव्हते, कुणीच काही केलं नव्हतं, आणि ती माणसं हसत होती. त्या बंद गाळ्यात, प्लायवूडच्या गावात, नुसत्या हवेवर. ताईंचा भाकरीचा हात तसाच वर. टेप संपेपर्यंत कुणी हललं नाही. त्या हशाला मी नकोच होते. तो माझ्या आधीपासून होता आणि माझ्यानंतरही राहणार होता.

"कट. काय झालं?"

मी फुली ओलांडली. दोन पायऱ्या चढले. ताईंच्या हातातून भाकरी घेतली. बोटांना बोटं लागली. त्यांनी हात झटकन मागे घेतला, मग आपण काय केलं ते त्यांना कळलं आणि त्या लाल झाल्या. भाकरी मी दारातल्या चौरंगावर ठेवली, नीट, वाकून.

"ही हाक मी देणार नाही. आज नाही, पुढेही नाही."

सर चिडले नाहीत. चिडतील असं वाटलं होतं.

"नको देऊस. काही अडत नाही. हाक आहे ना आपल्याकडे." त्यांनी गावड्यांकडे बघितलं. "तोंड कुणाचंही चालेल."

गावड्यांनी मान खाली घातली. तो डबा त्यांच्या कोपराजवळच होता.

"तो डबा द्या मला," मी म्हणाले.

"तो कंपनीचा आहे."

"आवाज माझा आहे. हाक आईची आहे."

"मग आईलाही घेऊन ये. तिला पण एक रोल देऊ."

सर हसले. एकटेच. गावड्यांनी या वेळी बटण दाबलं नाही. पण डबाही दिला नाही. दोन्ही गोष्टी मी लक्षात ठेवल्या आहेत.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल. तिने घेतलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मानसातली हाक मानसासंगं मरती. डब्यातली कवा मरायची?"

पुढच्या भागात पायरीखाली दुसरीच बाई होती. तिने तोंड उघडलं आणि माझा आवाज बाहेर आला. ओठ जुळत नव्हते. लोकांना ते कळलंही नाही. मालिका चालली आहे, लांबवणार आहेत म्हणे.

आता मालिकेच्या दिवशी मी मामींच्या खोलीत जाते. मागे दाराशी उभी राहते. हाक आली की पुढे येते आणि टीव्हीसमोर उभी राहते, पडद्याला पाठ लावून. माझ्या पाठीमागे हशा वाजत असतो. मी पोरींना सांगते ही हाक कुणाची, कुणापुढे द्यावी लागायची, भाकरी किती उंचीवरून पडायची आणि ती आपण का सोडली. पहिल्यांदा मोठी माणसं ओरडली, बाजूला हो म्हणाली. दोघं उठून गेले. मी हलले नाही. कारखान्यातही सुपरवायझरला सगळ्यांसमोर हेच सांगितलं. तेव्हापासून त्याने माझी कामाची पाळी बदलली आहे.

आई अजून भाकरी वरूनच टाकते. टाकू दे. तिने हातात द्यावी म्हणून मी हे करत नाही. तो डबा त्यांच्याकडे आहे आणि ते तो उघडत राहतील, हे मला माहीत आहे. ते जिथे उघडतील तिथे मी जाऊन उभी राहीन. हा आवाज माझा आहे. यावर कुणालाही हसू देणार नाही.