बाई, चुकलं

माझी वहिनी गणित शिकवते आणि फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहिते. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही त्या निवड समितीसारखं तोंड वाकडं कराल.

तिची रीत अशी. धडा रंगात आला की ती गंभीर चेहऱ्यानं एक चूक करते आणि हाताची घडी घालून उभी राहते. मग कुठल्यातरी बाकावरून आवाज येतो, "बाई, चुकलं." ज्यानं चूक पकडली त्याच्या हातात खडू, आणि बाई त्याच्या जागेवर जाऊन बसणार. एवढ्यासाठी पोरं तिच्या तासाला डोळ्यांत तेल घालून बसतात.

कित्येक वर्षं ती शाळेत कायम नव्हती, तासांच्या मानधनावर होती. सुट्टी लागली की घरी, शाळा उघडायच्या वेळेला फोनकडे डोळे. कायमची जागा निघाली की अर्ज करायची, पण माशी शिंकायची ती नेमकी नमुना पाठाच्या वेळी. तिथे मुलं नसतात, समोर समिती बसते. वहिनी लिहायची, अर्धा अधिक पाव बरोबर दोन छेद सहा, आणि वाट बघायची. समितीतला एक जण दुसऱ्याकडे बघे, दुसरा अध्यक्षांकडे, अध्यक्ष घड्याळाकडे. वेळ संपे. शेरा ठरलेला, की बाईंचे अपूर्णांक कच्चे आहेत.

"अगं, तेवढ्यापुरतं तरी सरळ शिकव," मी कानीकपाळी ओरडून सांगायचे. "एकदा नोकरी पदरात पडू दे, मग हव्या तेवढ्या चुका कर."

एकदा तिनं मला तसा शब्दही दिला. घरी आली ती पडल्या चेहऱ्यानं. "ताई, मी ठरवून गेले होते हो. हात ऐकतच नाही," म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. माझा भाऊ गालातल्या गालात हसला, म्हणून त्यालाही दोन शब्द ऐकवले. बायको अशी आणि नवरा तसा, मी एकटीनं कुणाकुणाला शहाणं करायचं?

मग शाळेत दुसरी माणसं कायम झाली आणि वहिनीचे तास गेले. भाऊ म्हणाला, भागेल आपलं, तू आराम कर. पण तिला आराम नको होता, वर्ग हवा होता. ती दिवसभर कपाटं पुसत बसायची. आता ही पुन्हा कधी फळ्यासमोर उभी राहते की नाही, असं मला वाटायचं. तिच्यासमोर मी तसं बोलले नाही, एवढंच.

भावानंच परदेशातल्या एका शाळेची जाहिरात शोधून काढली. गणिताच्या शिक्षिका हव्यात, पाठ व्हिडिओ कॉलवर द्यायचा, आणि तोही त्यांच्या वर्गाला.

"बाकांवर मुलं असतील?" तिनं एवढंच विचारलं.

"खरीखुरी," भाऊ म्हणाला.

उजेड चांगला म्हणून फळा स्वयंपाकघरात, ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला. कुणी बेल वाजवू नये म्हणून भावाला जिन्यात बसवलं. फोन धरायचं काम माझ्याकडे, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. हे मला सांगावं लागतं, यातच काय ते आलं.

पाठ छान चालला होता. भाषा मला अर्धीमुर्धी कळत होती, पण आकडे कळायला काय लागतं? आणि बघते तर काय, बाईसाहेबांनी लिहिलं, दोन छेद सहा. हाताची घडी. फोनमधली पोरं ते वहीत उतरवून घेऊ लागली. कोपऱ्यात बसलेल्या मुख्याध्यापिकांनी भुवया उंचावल्या. माझी जीभ नुसती वळवळत होती. मी ओठ चावून उभी राहिले.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तावातावानं काहीतरी बोलली. वहिनीनं नंतर मला सांगितलं, ती म्हणत होती, अर्ध्यात अजून घातलं तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल? वहिनीनं तिला तिथल्या फळ्याकडे पाठवलं आणि स्वतः आमच्या पिठाच्या डब्यावर बसली. मुलीनं पाऊण लिहिलं. सगळा वर्ग हसत सुटला. मुख्याध्यापिकांचा पहिला प्रश्न होता, कधी येऊ शकाल?

मी जिन्याकडे धावले आणि भावाला सांगताना ढसाढसा रडले. आनंदानं रडले, त्यात लपवायचं काय.

वहिनी तिकडे गेली, आणि करार संपवून परत आली, तोवर इथल्या तिच्याच जुन्या शाळेत कायमची जागा निघाली होती. या वेळी बोलावणं त्यांच्याकडून आलं. ती म्हणाली, पाठ देईन, पण बाकांवर मुलं बसवा. त्यांनी मुलं बसवली. खुर्च्यांना जागा उरली नाही, म्हणून समितीचे तेच अध्यक्ष शेवटच्या बाकावर एका मुलीशेजारी अवघडून बसले. मी दारात उभी होते. मला कुणी बोलावलं नव्हतं.

वहिनीनं तेच लिहिलं. तिनं हाताची घडी घातली न घातली, तोच अध्यक्षांच्या शेजारची मुलगी ताडकन उठली, "बाई, चुकलं." वहिनीनं तिच्या हातात खडू दिला आणि तिच्या जागेवर, अध्यक्षांना खेटून जाऊन बसली.

अध्यक्ष फळ्याकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, त्या वेळीही मला चूक दिसली होती."

"मग बोलायचं ना, सर," वहिनी म्हणाली. "तेव्हाच तुमच्या हातात खडू दिला असता."