मर्लिनचा प्रश्न

उमेळे गावातल्या चर्चमागच्या खोलीत विनी टीचर सत्तावीस वर्षं दर रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर मुलांना बायबलमधल्या गोष्टी वाचून दाखवत होत्या. बाकी आठवडाभर एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम. पूर्वी वर्गाला चाळीस मुलं यायची, आता नऊ. सगळी इंग्रजी शाळेतली. मराठी ओळ वाचायला दिली, की अक्षराला अक्षर जोडत इतका वेळ लावायची, की गोष्टीतला माणूस वाटेतच थकून जाई.

टीचरही थकल्या होत्या. नवरा ऑस्कर दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून घरी गेलं तरी बोलायला कुणी नव्हतं. "मे महिन्यानंतर दुसरं कुणी बघा, फादर," असं त्यांनी फादर स्टीवनना सांगूनही टाकलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी याइरच्या मुलीची गोष्ट वाचली. येशू मेलेल्या मुलीचा हात धरतो आणि ती उठून बसते. गोष्ट संपली तशी नऊ वर्षांची मर्लिन उभी राहिली. तिचे वडील नाताळाच्या आधी काविळीने गेले होते. टीचरना ते ठाऊक होतं, पण गोष्ट निवडताना ध्यानातच आलं नाही.

"टीचर, मग माझ्या डॅडीला का नाही उठवलं?"

देवाची इच्छा, स्वर्गातलं घर, अशी उत्तरं टीचरनी आजवर कितीदा दिली होती. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं.

"पुढच्या रविवारी सांगते," एवढंच म्हणाल्या आणि वर्ग लवकर सोडला.

आठवडाभर कामात चुका होत राहिल्या. शेवटी त्यांनी फादरना विचारलं. ते म्हणाले, "प्रत्येक मयताला मला हेच विचारतात, विनीबाई."

रविवारी टीचरनी खुर्ची मर्लिनच्या बाकाजवळ ओढली.

"मला माहीत नाही, बाळा. माझ्या ऑस्करसाठी मीही खूप मागितलं होतं." मग येशू आपल्या मेलेल्या मित्राला, लाजरसला, उठवतो त्या गोष्टीचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. "आज तू वाच."

मर्लिन बोट ठेवून वाचू लागली. "मि... मित्रा... मित्राच्या क... कबरी..." दोन पानांना पंधरा मिनिटं लागली. येशूच्या डोळ्यांत पाणी आलं, या ओळीवर ती थांबली.

"पण तो तर त्याला उठवणार होता ना? तरी रडला?"

"हो. तरी रडला."

"मम्मी म्हणते, रडायचं नाही."

टीचरनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "मम्मीला वाचून दाखव."

पुढच्या रविवारी मर्लिनची आई दाराशी आली. डोळे सुजलेले.

"रोज थोडं थोडं वाचते ती. मग दोघी रडतो. पुस्तक अजून ठेवलं तर चालेल?"

"ठेव गं," टीचर म्हणाल्या.

मे संपला. दुसरं कुणी मिळालं नाही, आणि टीचरनीही पुन्हा विषय काढला नाही. जूनच्या पहिल्या वर्गाला सात मुलं आली. टीचरनी गुडघा चोळला, चष्मा पुसला आणि हजेरी घेतली.