लायनफिशचं मूळ गाव

कुवेतमधल्या महबूलातले विजयकुमार गर्गे मासे खात नाहीत, फक्त त्यांचे फोटो काढतात. मूळचे नाशिकचे, पंचवीस वर्षं पेट्रोकेमिकल कंपनीत पंपांची देखभाल करत आले. पन्नाशीला टेकल्यावर डायव्हिंग शिकले, तेही कुवेतच्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा हात दिसला तरी दिवस सत्कारणी लागायचा. यंदा त्यांच्या जागी कुवेती माणूस नेमायचं घाटत होतं आणि करार वाढणार की नाही, यावर मॅनेजर तोंड उघडत नव्हता. एखाद्याने अशा वेळी बायकोला विश्वासात घेतलं असतं. गर्ग्यांनी रजा टाकली आणि थेट कॅरिबियनमधलं बोनेअर बेट गाठलं. लीनाला सांगितलं, माझ्यावाचून कंपनीचं पान हलत नाही, पुढे सवड मिळायची नाही, आताच जाऊन येतो.

परत आल्यावर कुवेतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात त्यांना अर्धा तास मिळाला, नेमका जेवणाआधीचा. पडद्यावर मासे आणि समोर उपाशी माणसं. शहराच्या दुसऱ्या भागातून, फरवानियाहून, कोकणातली मंडळी बस करून आली होती. कासव आलं, पोपटमासा आला, ईल आली आणि प्रत्येकाच्या वेळी त्यांच्यातल्या काशिनाथ राण्यांनी याचं कालवण होतं का, हे अगदी मनापासून विचारलं. खोल पाण्यात लाल रंग कसा नाहीसा होतो आणि फ्लॅश पडताच कसा उजळून निघतो, हे गर्गे जीव तोडून सांगत राहिले. राण्यांचा जीव मसाल्यात अडकला होता.

मग लायनफिश आला. तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर. सभागृह पहिल्यांदाच गप्प झालं आणि गर्ग्यांना चेव चढला.

हा मासा कॅरिबियनमधला नव्हेच, ते सांगू लागले. हा आपल्याकडच्या समुद्रांतला. कोणीतरी हौसेने तिकडे नेला, तो सुटला आणि तिथेच स्थिरावला. पोरंबाळं झाली. आता तिथल्या माशांच्या तोंडचा घास पळवतो, म्हणून गाईड लोक दिसेल तिथे त्याला भाल्याने टिपतात. हा फोटो काढला आणि पुढच्याच क्षणी गाईडने याला भोसकलं.

“ऐकायला वाईट वाटतं,” गर्गे म्हणाले, “पण बाहेरून आलेल्याने शेवटी किती दिवस राहायचं?”

खिशात इकामा, म्हणजे मुदतीचा राहायचा परवाना, बाळगून बसलेल्या शे-दीडशे माणसांपैकी कोणीही हललं नाही. गर्ग्यांना ती आपल्या फोटोला मिळालेली दाद वाटली. त्यांनी मोठ्या समाधानाने पाण्याचा घोट घेतला.

तेवढ्यात त्यांची मुलगी स्वरा उठली. जन्म इथलाच, शाळा-कॉलेज इथलंच. तिने नेहमीप्रमाणे इंग्रजीतच विचारलं, की जे लायनफिश तिथेच जन्मले, त्यांनी कुठे जायचं?

उत्तर म्हणून गर्ग्यांनी पुढचा फोटो लावला. भाल्यावर तोच मासा होता, पर अजून पसरलेले. त्याच्याकडे बघताना इतके दिवस दाबून ठेवलेली भीती एकदम वर आली.

“माहीत नाही गं,” ते म्हणाले. “नव्या वर्षात आपण कुठे असू, तेही मला माहीत नाही.”

पहिल्या रांगेतून लीना उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलत नसे.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“फिरायला जायच्या आधी,” गर्गे म्हणाले.