न हललेला आवाज

सेवेरिन कोसेत्स्की रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान फाडत आणि ते मोठ्यानं वाचत. सूर्योदय किती वाजता, सूर्यास्त किती वाजता, आज कोणत्या संताचा नामदिन. मागच्या बाजूला कधी बीटच्या सुपाची कृती असायची, तर कधी कुठल्याशा लढाईत किती माणसं पडली त्याचा आकडा. सगळं एकाच सुरात. त्यांची बायको जादविगा पाव कापता कापता म्हणायची, "मेलेल्यांना आणि बीटाला एकाच तराजूत तोलतोस, सेवेक."

हा त्यांचा रियाज होता. पोलंडमध्ये टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की नटांचे आवाज मागे दबतात आणि एकच माणूस सगळ्यांचं बोलणं वाचत जातो. नायकाचं, नायिकेचं, खुन्याचं, तान्ह्या बाळाच्या आईचंही. त्या माणसाला लेक्तोर म्हणतात. लेक्तोरनं रडायचं नसतं, हसायचं नसतं, अभिनय तर मुळीच करायचा नसतो. तो आहे याचाच ऐकणाऱ्याला विसर पडला पाहिजे. सेवेरिननी अडतीस वर्षं हे काम केलं. वूच शहरात त्यांचा चेहरा कुणी ओळखत नसे, पण बेकरीत त्यांनी तोंड उघडलं की रांगेतल्या माना वळत.

कालिना त्याच शहरातल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमचे संवाद लिहायची. नव्या गेममध्ये एक म्हातारा वाटाड्या होता. पाण्याखाली गेलेल्या मुलखातून तो एका मुलीला पैलतीराला नेतो, वाटेत तिला सगळं शिकवतो. खेळणाऱ्यानं ती मुलगी व्हायचं. वाटाड्याच्या आवाजासाठी आधी नाटकातला एक नावाजलेला नट आणला होता. त्यानं इतका गहिवर ओतला की चाचणीला बसलेली मुलं बटण दाबून त्याचं बोलणं पुढे पळवू लागली. मग कालिनानं सेवेरिनना शोधून काढलं. हा माणूस हवामानाच्या बातम्या देतोय, असं कंपनीचे साहेब कुरकुरले. पण आता कुणी बटण दाबेना. गुडघाभर चिखलात कोसळलेल्या मुलीला वाटाड्या म्हणायचा, "ऊठ. अजून उजेड आहे." शाबासकी नाही, कनवाळूपणा नाही. आणि मुलं लढाया अर्धवट टाकून त्याच्या शेकोटीपाशी नुसती बसून राहायची.

असं का होतं, हे साहेबांना कोडं वाटे. कालिनाला वाटत नसे. ती नऊ वर्षांची असताना आई हिवाळाभर हॉस्पिटलात होती. सूतगिरणी बंद पडून बेकार झालेला बाप बोलेनासा झाला होता. घरात बोलायचा तो फक्त टीव्हीतला हा आवाज. पडद्यावर कुणाला गोळी लागो, कुणाचं मूल बुडो, तो हलत नसे. तो हलत नाही तोवर घर उभं राहील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आई गेली त्या संध्याकाळीही तो हलला नाही. त्याच्याच सोबतीनं ती जेवली.

ऑक्टोबरच्या अखेरीस रेकॉर्डिंग करणाऱ्या तिमोननं तिला बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. सेवेरिनचा आवाज तिथे जाड दोरखंडासारखा उमटायचा. आता त्याच्या कडा विसविशीत दिसत होत्या. कानाला काही कळत नव्हतं. तिनं तीनदा ऐकून पाहिलं.

"दोराचे धागे सुटायला लागलेत," तिमोन म्हणाला. "आणि म्हातारबुवांना ते आपल्या आधीपासून माहीत आहे."

खरंच माहीत होतं. घशात गाठ होती. डॉक्टर अख्खी स्वरपेटी काढणार होते, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी. तोवर रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलायचं नाही, अशी ताकीद होती. गेममधले अकरा प्रसंग बाकी होते, आणि शेवटचा निरोप.

ते रोज नऊला येत. बाहेर धुकं इतकं दाट असे की समोरच्या गिरणीचं धुराडं आठवडाभर कुणाला दिसलं नाही. रोज आवाज किंचित खाली उतरलेला असे, जसं विहिरीचं पाणी कुणी न बघता उतरत जावं. वाचायच्या आधी ते कागदावर पेन्सिल फिरवत. एवढं सगळं या माणसाला बोलायलाच हवं का, असं विचारत आणि निम्मं खोडत. कंपनीनं एक करारपत्र पुढे केलं होतं. जमलेल्या आवाजावरून यंत्र उरलेलं बोलणं तयार करील, फक्त सही हवी. त्यांनी ते करारपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं, त्याच सुरात, आणि तसंच परत केलं.

"जे मी वाचलं नाही, ते मी बोललो नाही."

गुरुवार दोन दिवसांवर आला तेव्हा निरोपाचा प्रसंग उरला होता. कालिनानं पानभर लिहिला होता. त्यांनी तीन वाक्यं ठेवली. इथून पाणी उथळ आहे. मागे बघू नकोस. चाल.

शेवटच्या शब्दावर आवाज थरथरला. केसाएवढाच. तिमोननं काचेआडून अंगठा वर केला, त्याचे डोळे भरून आले होते. साहेबांना पहिल्या दिवसापासून हवं होतं ते नेमकं हेच. कालिनानं मात्र अंगठा वर केला नाही.

सेवेरिननी हेडफोन सारखे केले. "पुन्हा घेऊ."

अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. भिंतीवरचं घड्याळ तिच्या समोरच होतं. 'पुरे' एवढा एक शब्द तिनं म्हणायचा होता. तो तिच्या जिभेवर आलाही. पण तिला तो आवाज न हललेला हवा होता.

त्यांनी आणखी तीनदा वाचलं. चौथ्या वेळी तिन्ही वाक्यं गोठलेल्या तळ्यासारखी सपाट आली. मग त्यांनी खुणेनं पाणी मागितलं आणि घोगऱ्या आवाजात आधीचे तिन्ही प्रयत्न पुसायला सांगितले. तिमोन पुसेपर्यंत ते उभे राहिले.

त्या जादा वाचण्यानं काही बिघडलं नाही, स्वरपेटी तशीही जाणारच होती, असं डॉक्टरांनी नंतर कालिनाला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिचा विश्वास बसला नाही. गेम वसंतात बाहेर आला आणि अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. शेकोटीपाशी बसून राहतो, एवढंच त्यांत असे. सेवेरिन ती वाचत, मनातल्या मनात. पुढची दोन वर्षं ते जादविगाशी पाटीवर लिहून बोलले, आणि मग तेही थांबलं.

ऑपरेशनच्या त्या गुरुवारी सकाळी हॉस्पिटलाच्या लांब, हिरवट मार्गिकेत त्यांना स्ट्रेचरवर झोपवलं होतं. कालिना त्यांच्या पायांशी उभी होती. काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या, असं नर्स म्हणाली. जादविगा सुजलेल्या गुडघ्यावर हात दाबून उभी होती. सेवेरिननी बराच वेळ त्या गुडघ्याकडे पाहिलं.

"परत जाताना चौदा नंबरची ट्राम घेऊ नकोस, तिच्या पायऱ्या उंच आहेत. अकराची घे."