तांदळातलं नाव

इंदूताई गेली तेव्हा मी इथे आखातात, अल कुसैसच्या सुपरमार्केटात कोथिंबीर निवडत होते. तिच्या मुलाचा फोन आला, "काकू, आई इज नो मोर." खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. असं न सांगता जातात का? रडू घरी आल्यावर फुटलं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. शनिवारी संध्याकाळी आम्ही बायका-पोरं तिच्या हॉलमध्ये जमायचो. चहा, कांदेपोहे, आणि तोंडी लावायला राण्या! परक्या राजांना दिलेल्या राजकन्यांचा तिला ध्यासच होता. सरहद्दीवर कुणाच्या दासी परत पाठवल्या, कुणाच्या अंगावरचे माहेरचे कपडे उतरवले, कुणाचा धर्म बदलला, कुणाचं नाव... सांगता सांगता तिचा आवाज चढायचा. "लग्न कसलं डोंबलाचं! तह होता तो, आणि त्यातला ऐवज म्हणजे ही पोर." लहानपणी माझी मिताली एकदा म्हणाली, "बट आंटी, व्हाय डिडन्ट शी जस्ट गो बॅक?" ताई म्हणाली, "कुठे जाणार गं? तहावर माहेरानंच सही केलेली! पण तिकडे जाऊनही काही जणी देवाशी मात्र माहेरच्याच भाषेत बोलत राहिल्या. ते कुणाच्या बापाला काढून घेता आलं नाही."

तिला हे इतकं का लागायचं, ते आम्हाला ठाऊक होतं. पुण्याला तिच्या लग्नात भाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, वसुंधरा. हिनं भर मांडवात त्यावरून हात फिरवला आणि बोटानं लिहिलं, इंदू. सासरच्यांनी पासपोर्टावर वसुंधराच लावलं. त्या नावाला तिनं उभ्या जन्मात ओ दिली नाही.

आणि शोकसभेला, तिच्याच हॉलमध्ये, फोटोखाली बोर्ड कसला? 'कै. सौ. वसुंधरा'! तिचे दीर मुंबईहून आले होते, त्यांनीच छापून आणलेला. मला म्हणाले, "वहिनी, ऑफिशियल नाव तेच आहे." माझं डोकंच फिरलं. "खलास, बस झालं! हा बोर्ड इथे लागणार नाही. जिवंतपणी जमलं नाही, ते ती मेल्यावर उरकताय होय?"

भाऊ उठून स्वयंपाकघरात गेले आणि लग्नातलं ते ताट तांदूळ पसरून घेऊन आले. बोटातली अंगठी काढली, तांदळात 'इंदू' लिहिलं आणि ताट फोटोपुढे ठेवलं. "फार उशीर केला मी," एवढंच म्हणाले. मला बरं वाटलं. पण उशीर तो उशीरच, भाऊ. ते ऐकायला ती कुठे होती?

ताट त्यांनी मलाच दिलं. येत्या हिवाळ्यात मितालीचं लग्न आहे. जावयाला सांगून ठेवलंय, अंगठी तुमची, पण लिहिणार ती. परवा विहीणबाईंनी फोनवर गोड आवाजात विचारलं, "मग, नवीन नाव काय ठरवायचं?"

समोर ओट्यावर ताट घासून पालथं घातलेलं होतं. मी म्हटलं, "ठरलंय की. मिताली."