अर्थिंगचा खड्डा

सांगते, पण आधी चहा संपवा. मधेच हसलात तर ठसका लागेल.

पेणला मी घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते. त्या सीपीयूच्या पत्र्याला अनवाणी पायांनी हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. नवरा म्हणायचा, चप्पल घालून बस, झालं. पण आज मला झिणझिण्या, उद्या मशीनच जळालं तर? ऐन लग्नसराईत लोकांना काय तोंड दाखवू? वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, घराला अर्थिंगच नाही, गळलेला करंट जमिनीत जायला वाटच नाही. परसात खोल खड्डा घ्या, आत प्लेट पुरू, भोवती कोळसा आणि मीठ घालू. वरून पाणी घालत राहा, ओल टिकली पाहिजे.

मी पदर खोचला. गडी मिळेना, म्हणून स्वतःच पहार घेतली. कोळसा आणला, मिठागरातलं खडे मीठ आणलं. वायरमनने प्लेट पुरली, तार बोर्डापर्यंत आणून दिली. मी रोज कळशीने पाणी घालू लागले.

हे सगळं शेजारच्या काशीकाकी कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यात मी खड्डा खणला तो दिवस नेमका अमावास्येचा. मला कुठं ठाऊक? काकींनी आधी बोलणं सोडलं, मग त्यांच्याकडून येणारं ताक थांबलं. पुढे कळलं, त्यांची म्हैस आटली होती आणि मी करणी केल्याचं आळीभर झालं होतं.

इतक्या वर्षांचा शेजार असा कसा जाऊ द्यायचा? काकींना हाताला धरून घरात आणलं. खड्डा कशाला, मीठ कशाला, सगळं समजावलं. त्यांना काही पटेना. शेवटी म्हटलं, "काकी, आता झिणझिण्या गेल्या. हे बघा." चप्पल काढली आणि पत्र्यावर सरळ तळहात ठेवला.

हात असा उडाला, की माऊस टेबलाखाली गेला.

मी प्लग बघितला. बोर्ड नवा, तीन भोकांचा. पण प्लग मी सवयीने जुन्या दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधूनच खुपसला होता. तिसरी पिन हवेत. अर्थिंग बोर्डापर्यंत आलं होतं, कॉम्प्युटरपर्यंत पोचलंच नव्हतं.

ती मोकळी पिन मी काकींना दाखवली. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"करणी केलीस ती खरीच गो," त्या म्हणाल्या, "पण माझ्यावर नाय. सोतावरच केलीस."